‘डेथ्स एंड’ : एका विज्ञानकादंबरी-त्रयीचे निर्वहण

प्रस्तावना

दीर्घ कथामालिकेचा शेवट ही विज्ञानसाहित्यातील एक जुनी अडचण आहे. आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ मालिका १९४२ पासून नियतकालिकांतून कथारूपाने प्रसिद्ध झाली आणि १९५१ ते १९५३ या काळात तीन खंडांत ग्रंथरूप झाली. लेखकाने १९८२ मध्ये ती पुन्हा हाती घेतली. परंतु कालक्रमाने अखेरचा ठरणारा ‘फाउंडेशन अँड अर्थ’ (१९८६) हा खंड एका नव्या शंकेपाशीच थांबतो. फ्रँक हर्बर्ट यांचे १९८६ मध्ये निधन झाले आणि ‘ड्यून’ मालिका त्यांच्या हातून पूर्ण होऊ शकली नाही. अशा मालिकांत कल्पित विश्वाचा विस्तार जितका मोठा, तितका तो एका बिंदूत आणणे अवघड होत जाते. या पार्श्वभूमीवर चिनी लेखक लिऊ त्सीशिन यांच्या कादंबरीत्रयीचा शेवट स्वतंत्र अभ्यासास पात्र ठरतो.

‘पृथ्वीच्या गतकाळाची स्मृती’ अशा अर्थाचे नाव असलेल्या या त्रयीचा पहिला खंड २००६ मध्ये चेंगडू येथील एका विज्ञानकथाविषयक मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाला व २००८ मध्ये पुस्तकरूपाने आला. दुसरा खंड २००८ मध्ये आणि तिसरा २०१० मध्ये प्रकाशित झाला. ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ (२०१४), ‘द डार्क फॉरेस्ट’ (२०१५) आणि ‘डेथ्स एंड’ (२०१६) या इंग्रजी अनुवादांमुळे ही त्रयी जगभर पोहोचली. पहिला व तिसरा खंड केन लिऊ यांनी, तर दुसरा जोएल मार्टिनसेन यांनी अनुवादित केला. २०१५ मध्ये पहिल्या खंडाला ह्यूगो पुरस्कार मिळाला, तर २०१७ मध्ये तिसऱ्या खंडाला लोकस पुरस्कार मिळाला. शान्सी प्रांतातील एका वीजकेंद्रात अभियंता म्हणून काम करीत लेखन करणाऱ्या लिऊ यांनी तिसऱ्या खंडाविषयी एक उद्बोधक माहिती नोंदविली आहे. हा खंड सामान्य वाचकांत चालणार नाही असे लेखक व प्रकाशक दोघांनीही गृहीत धरले होते, म्हणून तो विज्ञानकथेच्या निष्ठावंत वाचकांसाठी मुक्तपणे लिहिला गेला. प्रत्यक्षात याच खंडाने चीनमध्ये संपूर्ण त्रयीला लोकप्रिय केले.

ज्या शेवटात सूर्यमालेचा विनाश होतो आणि मानवजातीची केवळ तुरळक अवशेषरूपाने नोंद उरते, तो वाचकाला समाधानकारक का वाटतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी भारतीय नाट्यविचारातील निर्वहणाची संकल्पना उपयोगात आणली आहे.

निर्वहण : संकल्पना व तिची उपयुक्तता

भरताच्या नाट्यशास्त्रात मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेत. त्यांतील निर्वहण हा अंतिम संधी होय. मुखसंधीत पेरलेले बीज आणि नंतर ठिकठिकाणी विखुरलेले अर्थ येथे एकत्र येऊन एका कार्यात परिणत होतात. निर्वहण म्हणजे केवळ कथानकाची समाप्ती नव्हे. जे पूर्वी आले ते का आले, याचे उत्तर येथे मिळावयास हवे. निर्वहणात अद्भुत रसाची योजना असावी असेही भरताने सांगितले आहे. विस्मय हाच ज्या साहित्यप्रकाराचा प्राण मानला जातो, त्याच्या संदर्भात हे विधान लक्षणीय ठरते. मात्र येथे अभिप्रेत असलेला विस्मय नवे आश्चर्य दाखविण्याचा नाही. परिचित गोष्टीच अनपेक्षित रीतीने एकमेकींशी जुळल्याचे पाहून होणारा तो विस्मय आहे.

पाश्चात्त्य समीक्षेत फ्रँक कर्मोड यांनी ‘द सेन्स ऑफ ॲन एंडिंग’ (१९६७) या ग्रंथात शेवटाचा विचार काळाच्या अनुषंगाने केला आहे. आरंभ व अंत यांच्या मध्ये सापडलेला मनुष्य कथेच्या शेवटामुळे मधल्या काळाला अर्थ देऊ पाहतो, असा त्यांचा आशय आहे. बीज व फल यांच्या नात्यावर भर देणारी निर्वहणाची संकल्पना आणि कर्मोड यांचा विचार यांत विरोध नाही. तथापि, निर्वहणाच्या संकल्पनेमुळे शेवटाची परीक्षा अधिक नेमकेपणाने करता येते. कोणते बीज, ते कोठे पेरले आणि त्याचे फल कोणते, असे थेट प्रश्न तिच्यामुळे विचारता येतात. एका चिनी कादंबरीत भारतीय सिद्धांत शोधणे हा येथे उद्देश नाही. हे केवळ परीक्षणाचे साधन आहे.

बीज : वस्तुमानाचे सूत्र

त्रयीच्या पहिल्या खंडात सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ मध्ये, आपल्या वडिलांची जाहीर सभेत झालेली हत्या पाहणारी ये वेनज्ये ही खगोलभौतिकीची अभ्यासक येते. पुढे एका लष्करी तळावर काम करीत असताना तिला तीन सूर्यांच्या ग्रहावरील संस्कृतीचा संदेश मिळतो. त्या संस्कृतीतील एका शांततावादी श्रोत्याने उत्तर देऊ नका असा इशारा दिलेला असूनही ती उत्तर पाठविते. मानवाविषयीच्या तिच्या निराशेतून निघालेल्या या एका कृतीमुळे आक्रमक आरमार पृथ्वीकडे निघते.

दुसऱ्या खंडाच्या आरंभी ये वेनज्ये आपल्या मुलीच्या समाधीपाशी लुओ जी या तरुण अध्यापकाला ‘वैश्विक समाजशास्त्रा’ची दोन गृहीतके सांगते. टिकून राहणे ही संस्कृतीची पहिली गरज आहे, हे पहिले. संस्कृती सतत वाढत व पसरत राहते, परंतु विश्वातील एकूण द्रव्य मात्र स्थिर राहते, हे दुसरे. या दोन गृहीतकांना परस्परसंशयाची साखळी आणि तंत्रज्ञानाचा अकस्मात स्फोट या दोन संकल्पनांची जोड देऊन लुओ जी ‘अंधाऱ्या अरण्या’चा सिद्धांत मांडतो. विश्व हे अरण्य आहे, प्रत्येक संस्कृती हा दबा धरून बसलेला शिकारी आहे आणि जो आपला ठावठिकाणा उघड करतो तो मारला जातो. याच सिद्धांताच्या बळावर लुओ जी शत्रूला धाक घालतो व दोन्ही जगांमध्ये भीतीवर आधारलेली शांतता निर्माण होते.

बहुतेक चर्चांत या सिद्धांतातील संशय व हिंसा यांवर भर दिला जातो. विश्वातील एकूण द्रव्य स्थिर असल्याचे दुसरे गृहीतक केवळ युक्तिवादाची पायरी म्हणून मागे पडते. त्रयीच्या शेवटाचे बीज मात्र याच गृहीतकात आहे. तिसऱ्या खंडाच्या अखेरीस जो प्रश्न उभा राहतो, तो द्रव्याच्या हिशेबाचाच आहे.

बिंदू : एका व्यक्तीच्या हाती सर्वांचे भवितव्य

बीजाचा धागा तुटू न देणारा घटक म्हणजे बिंदू. या त्रयीत तो निर्णयाच्या प्रसंगांतून पुढे जातो. तीनही खंडांत एका व्यक्तीच्या हाती समस्त मानवजातीचे भवितव्य येते. ये वेनज्ये संदेश पाठविते. लुओ जी संदेश पाठविण्याची धमकी देतो आणि अर्धशतकाहून अधिक काळ तो धाक एकट्याने सांभाळतो. तिसऱ्या खंडाची नायिका चेंग शिन त्याची उत्तराधिकारी होते; सूत्रे हाती येताच काही मिनिटांत शत्रू हल्ला करतो आणि ती कळ दाबत नाही. पुढे प्रकाशवेगी यानांचे संशोधन शस्त्रबळावर चालू ठेवू पाहणाऱ्या थॉमस वेडला ती माघार घ्यावयास लावते. परिणामी सूर्यमालेवर द्विमितीय अस्त्राचा प्रहार होतो तेव्हा निसटण्याची साधने मानवाजवळ जवळजवळ नसतात. ग्रह, नगरे आणि माणसे एका अतिविशाल चित्रासारखी सपाट होऊन जातात.

चेंग शिनच्या या दोन निर्णयांमुळे अनेक वाचकांनी तिला दोषी ठरविले आहे. तिची करुणा हेच मानवाच्या विनाशाचे कारण, असा हा आक्षेप असतो. परंतु या आक्षेपात एक गोष्ट निसटते. पहिल्या प्रसंगी कळ दाबली असती तर शत्रूबरोबर पृथ्वीचाही ठावठिकाणा उघड झाला असता. मानवाला वाचविणारा पर्याय त्या क्षणी उपलब्धच नव्हता. उपलब्ध होता तो केवळ सूडाचा. दुसऱ्या प्रसंगात मात्र तिच्या निर्णयाची किंमत खरी व प्रचंड आहे, आणि कादंबरी ती लपवीत नाही. या सर्व निर्णयांत समान असलेली गोष्ट अशी की, एकाने केलेल्या कृतीचे फळ त्या निर्णयात सहभागी नसलेल्या कोट्यवधींना भोगावे लागते. अंधाऱ्या अरण्यात संवादाला जागा नाही. त्यामुळे निर्णयही एकट्यानेच घ्यावा लागतो.

निर्वहण : परत करण्याची विनंती

तिसऱ्या खंडाचा अखेरचा भाग विश्वाच्या उत्तरकाळात घडतो. प्रकाशाचा वेग मंदावलेल्या प्रदेशात अडकून चेंग शिन व खगोलशास्त्रज्ञ ग्वान यीफान यांच्यासाठी अल्पसा काळ जातो, तर बाहेर १ कोटी ८० लाखांहून अधिक वर्षे उलटतात. एकेकाळी तिला एक तारा भेट देणाऱ्या युन त्येनमिंगने तिच्यासाठी अवघ्या एका घन किलोमीटरचे एक सूक्ष्मविश्व ठेवलेले असते. ६४७ हा त्याचा क्रमांक. महाविश्व आकुंचन पावून पुन्हा नव्याने जन्माला येईपर्यंत येथे सुरक्षित राहावे, अशी ही योजना असते. तेथे शेत आहे, झरा आहे आणि काळाच्या बाहेर बसून गतकाळाची नोंद लिहिण्याची सवड आहे. तिसऱ्या खंडात प्रारंभापासून अधूनमधून येणारे टिपणवजा उतारे म्हणजे चेंग शिनने लिहिलेली हीच नोंद होय, याचा उलगडा येथे होतो. कथनाची चौकटही अशा रीतीने कथानकात सामावली जाते.

या निवाऱ्यात महाविश्वातून एक संदेश येतो. तो पंधरा लाखांहून अधिक भाषांत आहे आणि त्यांत पृथ्वीवरील मानवाची व त्याच्या शत्रूची अशा दोन्ही भाषा आहेत. असंख्य संस्कृतींनी आपापली सूक्ष्मविश्वे निर्माण करण्यासाठी महाविश्वातून द्रव्य काढून घेतले आहे. त्यामुळे महाविश्वाचे वस्तुमान कमी होऊन ते आकुंचन न पावता कायमचे प्रसरण पावत जाऊन मृतवत होईल. म्हणून घेतलेले द्रव्य परत करावे, असा त्याचा आशय आहे.

येथे बीज आणि फल यांचा मेळ बसतो. विश्वातील द्रव्य मर्यादित आहे, या एकाच विधानातून दुसऱ्या खंडात सार्वत्रिक वैर सिद्ध झाले होते. त्याच विधानातून आता सार्वत्रिक सहकार्याची गरज सिद्ध होते. सिद्धांत बदललेला नाही, गृहीतकही बदललेले नाही. बदलला आहे तो केवळ हिशेबाचा आवाका. एका संस्कृतीच्या आयुष्याच्या मापाने पाहिले तर मर्यादित द्रव्य हिसकावून घेणे शहाणपणाचे ठरते. विश्वाच्या आयुष्याच्या मापाने पाहिले तर तेच परत करणे शहाणपणाचे ठरते. ज्या अरण्यात आवाज काढणे म्हणजे मृत्यू, तेथेच शेवटी सर्वांना ऐकू जाईल असा आवाज उठतो. पहिल्या खंडातील इशारा उत्तर न देण्याचा होता. अखेरची विनंती उत्तर देण्याची आहे.

निर्णयाच्या बिंदूलाही येथे पूर्णता येते. चेंग शिनचा हा निर्णय तिचा एकटीचा नाही. तो ग्वान यीफान व तेथील यंत्रमानवी सहचरी यांच्यासह घेतलेला आहे. त्यांच्या परत जाण्याने महाविश्व वाचेलच असे नाही, आणि न जाण्याने ते बुडेलच असेही नाही. पूर्वीच्या प्रत्येक निर्णयाचा परिणाम सर्वांवर लादला गेला होता. या निर्णयाचा धोका केवळ निर्णय घेणाऱ्यांनाच आहे. परिणामाची खात्री नसताना, कोणी पाहत नसताना, आपला वाटा उचलावा की नाही हा शुद्ध नैतिक प्रश्न येथे प्रथमच उभा राहतो. त्रयीभर अपयशी ठरलेल्या चेंग शिनच्या स्वभावाला येथे योग्य असे कार्य लाभते.

भौतिकीच्या दृष्टीने या कल्पनेवर आक्षेप घेता येतो. १९९८ मधील अतिदीप्त ताऱ्यांच्या स्फोटांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे दिसून आले आणि त्याबद्दल २०११ मध्ये नोबेल पारितोषिकही देण्यात आले. आकुंचन पावणाऱ्या विश्वाचे चित्र त्यामुळे आज कमी संभाव्य मानले जाते. परंतु कादंबरीची कसोटी वेगळी आहे. घातलेल्या गृहीतकांशी ती शेवटपर्यंत प्रामाणिक राहते का, हे पाहावयाचे असते, आणि या कसोटीला ती उतरते.

पाच किलोग्रॅमचा प्रश्न

सूक्ष्मविश्व सोडताना चेंग शिन सर्व द्रव्य परत करीत नाही. लहान मासे व पाणवनस्पती असलेला एक बंदिस्त जीवगोल आणि गतकाळाची नोंद असे सुमारे ५ किलोग्रॅम वस्तुमान ती मागे ठेवते. त्रयीतील हे सर्वांत वादग्रस्त ठरू शकणारे स्थळ आहे. प्रत्येक संस्कृतीने केवळ ५ किलोग्रॅम ठेवून घेतले तर विनंतीचा अर्थच संपतो. मग शेवटच्या पानांवर लेखकाने आपलाच युक्तिवाद मोडला आहे काय?

याचे उत्तर त्रयीच्या नावात शोधावे लागते. ही गतकाळाच्या स्मृतीची कथा आहे. सूर्यमालेच्या विनाशापूर्वी प्लूटोवर वृद्ध लुओ जी मानवी संस्कृतीचे एक संग्रहालय सांभाळताना दिसतो. कोट्यवधी वर्षे टिकेल असे माहितीचे साधन शोधता शोधता अखेर दगडावर अक्षरे कोरण्याच्या आदिम मार्गाकडे विज्ञान परत येते, हा त्या प्रसंगातील विरोधाभास आहे. पुढे तो प्लूटोही सपाट होतो. युन त्येनमिंग व चेंग शिनची सहकारी एए यांनीही आपल्या आयुष्याची खूण एका ग्रहाच्या खडकात कोरून ठेवलेली असते. स्मृती म्हणजे निर्वस्तुक भावना नव्हे; तिला दगड लागतो, जागा लागते, वस्तुमान लागते, असे कादंबरी वारंवार दाखविते. म्हणून सर्व काही परत करणे म्हणजे विस्मृती स्वीकारणे होय. ५ किलोग्रॅम हे स्मृतीचे मोल आहे आणि ते विश्वाच्या खात्यातून घेतलेले आहे.

यामुळे शेवट निर्दोष राहत नाही, परंतु खरा होतो. पूर्ण त्याग करणारी चेंग शिन ही आदर्शाची प्रतिमा झाली असती. थोडे मागे ठेवणारी चेंग शिन ही व्यक्ती राहते. कर्तव्य व माया यांचा हिशेब अखेरपर्यंत पूर्ण जुळत नाही आणि त्याची बाकी वाचकाच्या पदरी येते.

या संदर्भात महाभारताच्या शेवटाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. यादवांचा नाश आणि पांडवांचे महाप्रस्थान यांनी होणाऱ्या उदास शेवटावरून आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतात महाभारताचा प्रधान रस शांत असल्याचे प्रतिपादन केले. समग्र ग्रंथाचा रस शेवटावरून निश्चित होतो, ही त्याची दृष्टी येथेही उपयोगी पडते. शेवटपर्यंत चालत राहिलेला युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. चेंग शिन सुरक्षित निवारा नाकारते. साम्य येथपर्यंतच आहे. युधिष्ठिरापुढे धर्म स्वरूप प्रकट करतो व परीक्षा संपते. चेंग शिनपुढे कोणीही प्रकट होत नाही. तिच्या कृतीला साक्षी असलाच तर तो मागे राहिलेला जीवगोल.

मर्यादा

या शेवटाच्या काही उणिवा नोंदविणे आवश्यक आहे. पहिली उणीव सूक्ष्मविश्वाच्या भेटीविषयी आहे. ताऱ्याच्या भेटीचे सूत्र तिसऱ्या खंडाच्या पूर्वार्धातच आले असल्याने युन त्येनमिंगचे पुनरागमन आकस्मिक वाटत नाही. त्याच्या तीन परीकथांतील सांकेतिक अर्थही कौशल्याने गुंफले आहेत. सूक्ष्मविश्वाची कल्पना मात्र पुरेशा पूर्वतयारीविना येते, आणि आकाशातून उतरणाऱ्या देवतेने संकट निवारावे तशी तिची योजना भासते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. धाकाच्या काळातील मानवसमाज हळुवार व ‘स्त्रैण’ झाला आणि म्हणून दुबळा ठरला, असे सूचन तिसऱ्या खंडात आहे. चेंग शिनची करुणा वारंवार मातृत्वाशी जोडली जाते, तर कठोर निर्णयक्षमता पुरुषपात्रांच्या वाट्याला येते. अखेरचा निर्णय तिच्या करुणेचे समर्थन करतो हे खरे. तथापि करुणेला स्त्रीत्वाचे व धैर्याला पुरुषत्वाचे लक्षण मानणारी विभागणी त्याने रद्द होत नाही.

तिसरी उणीव युन त्येनमिंगच्या कथेविषयी आहे. शत्रूच्या आरमारात त्याच्यावर काय बेतले आणि एएबरोबरचे त्याचे उत्तरायुष्य कसे गेले, हे कादंबरी जवळजवळ अव्यक्त ठेवते. ही पोकळी वाचकांना किती जाणवली याचे प्रमाण म्हणजे बावशू या लेखकाने तिसऱ्या खंडानंतर लगेच लिहिलेली पूरक कादंबरी. २०११ मध्ये ती चिनी भाषेत प्रकाशित झाली व २०१९ मध्ये केन लिऊ यांनीच तिचा इंग्रजी अनुवाद केला. एका वाचकाने मालिकेची पोकळी भरण्यासाठी ग्रंथ लिहावा, यात मूळ शेवटाची उणीव दिसते. त्याचबरोबर त्याचे सामर्थ्यही दिसते.

समारोप

मराठीत विज्ञानसाहित्याचा ओघ प्रामुख्याने कथा व एकखंडी कादंबरी यांच्या रूपाने वाहिला. जयंत नारळीकर यांच्या ‘यक्षांची देणगी’सारख्या संग्रहांनी व ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ यांसारख्या कादंबऱ्यांनी वाचक घडविला. अनेक खंडांतून चालणाऱ्या मालिकेच्या शेवटाचा स्वतंत्र विचार करण्याची निकड त्यामुळे आपल्या समीक्षेला फारशी भासली नाही. लिऊ यांच्या त्रयीवर आधारित दूरचित्रवाणी मालिका २०२३ मध्ये चीनमध्ये व २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आल्यानंतर महाविद्यालयीन विद्यार्थीही या कथेकडे वळू लागले आहेत. तेव्हा तिच्या शेवटाविषयी वर्गात चर्चा होण्यास हे निमित्त पुरेसे आहे.

शेवट समाधानकारक असणे म्हणजे सुखद असणे नव्हे, हे या त्रयीवरून स्पष्ट होते. मानवजातीचा जय येथे होत नाही आणि विश्व वाचल्याची ग्वाहीही मिळत नाही. तरीही दुसऱ्या खंडातील एक साधे गृहीतक अखेरीस उलट बाजूने प्रकाशमान होते, एकाकी निर्णयांची मालिका एका सामायिक जबाबदारीपाशी येऊन थांबते आणि स्मृतीचे मोल एका ठोस आकड्यात समोर ठेवले जाते. भरताला अपेक्षित असलेला अद्भुत रस द्विमितीय झालेल्या सूर्यमालेच्या दृश्यात जितका आहे, त्याहून अधिक या जुळणीत आहे. त्रयी मिटताना घेतलेले किती परत करावयाचे आणि किती आठवणीसाठी ठेवावयाचे, हा प्रश्न मागे उरतो. चेंग शिनने त्याचे उत्तर ५ किलोग्रॅम असे दिले. ते बरोबर होते की नाही हे कादंबरी सांगत नाही, आणि तिने ते सांगू नये यातच या निर्वहणाचे औचित्य आहे.